आमची वाटचाल : राउटर ज्याच्या घरी, चावी त्याच्याच हाती

नागपूरच्या सीताबर्डीत कॉम्प्युटर दुरुस्ती आणि सीसीटीव्ही बसवण्यापासून आमच्या छोट्या वर्कशॉपची सुरुवात झाली. आज आमचं मुख्य काम वेगळं आहे. सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरवर, म्हणजे एकाच बोर्डावर मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर, ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं सॉफ्टवेअर चढवून, त्या त्या घराच्या गरजेप्रमाणे राउटर तयार करून देतो. डबा बसवून झाला की ग्राहकाला आमच्यासमोरच रूट पासवर्ड (राउटरचा मुख्य पासवर्ड) बदलायला लावतो आणि सेटिंगची बॅकअप फाईल त्यांच्या पेनड्राइव्हवर टाकून देतो. दुसरी चावी आम्ही ठेवत नाही. धंद्यातल्या जुन्या मंडळींनी समजावून पाहिलं की अशानं गिऱ्हाईक परत येणार नाही. आम्ही ऐकलं नाही, आणि हे धोरण आजतागायत बदललेलं नाही.

हा हट्ट सीसीटीव्हीच्या कामातून आला. दुकानाचा कॅमेरा घरून दिसावा एवढीच माणसाची मागणी असायची. पण इंटरनेट कंपनीने बसवलेल्या डब्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड त्याच्याकडे नसायचा. साधा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलायचा तरी तक्रार क्रमांक घ्या, माणूस येण्याची वाट बघा. दर महिन्याला बिल भरणारा माणूस स्वतःच्याच घरातल्या यंत्रापुढे हात जोडून उभा! इतवारीतल्या एका व्यापारी काकांनी तर विचारलं, "अजी, पैसे माह्ये, घर माह्यं, अन् डब्बं कोनाचं?" या प्रश्नाचं नीट उत्तर देता यावं म्हणूनच पुढचं सगळं केलं.

उत्तर जगात आधीपासून होतं. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरमध्ये लिनक्स होतं. लिनक्सचा परवाना जीपीएल. त्यातली अट अशी की यंत्र विकलं तर त्यातल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोडही द्यायचा. तो २००३मध्ये खुला झाला आणि त्यावरच २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. एका परवान्यातल्या अटीमुळे जगभरच्या लोकांना आपला राउटर आपल्या मनासारखा चालवता येऊ लागला. कायद्याच्या कागदाचं इतकं मोठं फळ आम्ही तरी दुसरं पाहिलेलं नाही.

सुरुवातीला आम्ही लोकांचे जुने राउटरच घ्यायचो आणि त्यांवर ओपनडब्ल्यूआरटी चढवून द्यायचो. पण स्वस्त राउटरमध्ये बहुधा ४ एमबी फ्लॅश (साठवणीची चिप) आणि ३२ एमबी रॅम. नवी आवृत्ती त्यात मावेना, आणि जुनी आवृत्ती ठेवायची म्हणजे सुरक्षेची भोकं तशीच ठेवायची. मग रास्पबेरी पाय या सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरकडे वळलो. चांगला बोर्ड, पण नेटवर्कचा पोर्ट एकच. दुसरा यूएसबीला लटकवावा लागे. त्यात २०२१मध्ये चिपांचा तुटवडा सुरू झाला आणि रास्पबेरी पाय मूळ किमतीत मिळेनासाच झाला.

तेव्हा फ्रेंडलीएलेक कंपनीच्या नॅनोपाय आर२एसवर नजर गेली. तळहातात मावेल एवढा बोर्ड, १ जीबी रॅम, गिगाबिटचे दोन पोर्ट. त्यातला एक आतून यूएसबी ३.०वरच चालतो, पण घरगुती वापराला ते चालून जातं. पुढे मोठ्या कामांना आर४एस आणि आर५एस घेऊ लागलो. आर५एसवर ईएमएमसी ही साठवणीची चिप बोर्डावरच असते, त्यामुळे एसडी कार्डावरचा भार गेला. उन्हाळ्यात स्वस्तातलं कार्ड कधी दगा देईल सांगता येत नाही. या बोर्डांचे सर्किटचे नकाशे उघड मिळतात आणि मूळ लिनक्समध्ये यांचा आधार आहे. आमच्यासारख्या लहान दुकानाला याचं मोल फार. बोर्ड अडला तर नकाशा समोर ठेवून व्होल्टेज मोजत जाता येतं, कोणाच्या सर्व्हिस सेंटरची पायरी चढावी लागत नाही.

नव्याने या वाटेला येणाऱ्यांसाठी एक गोष्ट तपशिलात सांगतो. बोर्ड सुरू होईना की सीरियल कन्सोल जोडायचा, म्हणजे सुरू होताना बोर्ड काय सांगतो ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाचता येतं. ग्राउंड, आरएक्स (येणारा डेटा), टीएक्स (जाणारा डेटा) अशा तीनच वायरी, ३.३ व्होल्टच्या. रॉकचिप कंपनीच्या चिपवर चालणाऱ्या या बोर्डांचा वेग १५ लाख बॉड (सेकंदाला इतके बिट), तर बहुतेक इतर राउटरचा १,१५,२००. बाजारात सहज मिळणाऱ्या सीपी२१०२ चिपच्या यूएसबी अ‍ॅडॉप्टरला १५ लाखांचा वेग झेपत नाही. पडद्यावर नुसता कचरा उमटतो आणि माणूस समजतो बोर्ड मेला. सीएच३४०चा अ‍ॅडॉप्टर लावा, तीच ओळ स्वच्छ वाचता येते. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही हे पहिल्याच दिवशी करून दाखवतो, कारण मेलेला समजून फेकलेला बोर्ड बऱ्याचदा जिवंत असतो.

आता नागपूरचं ऊन. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, नवतपात तर बोलायचं कामच नाही. परदेशी वातावरणात गार राहणारा बोर्ड इथे दुपारी दोन वाजता सज्ज्यावर ठेवला की चिप तापते आणि आपला वेग आपणच उतरवते. पंखा लावणं आम्हाला पसंत नाही. धूळ बसते, आवाज होतो आणि वर्ष-दोन वर्षांत बेअरिंग जातं. म्हणून हिंगणा एमआयडीसीतल्या एका जॉबवर्कवाल्याकडून जाड अ‍ॅल्युमिनियमचे डबे करून घेतो. झाकणाच्या आतल्या बाजूला चिपच्या बरोबर वर एक उंचवटा ठेवलेला असतो, मध्ये थर्मल पॅड. सगळा डबाच हीटसिंक होतो. हाताला गरम लागतो, ग्राहक घाबरून फोन करतात. त्यांना सांगतो, बाहेर गरम लागतोय म्हणजे आतली उष्णता बाहेर पडतेय, काळजी करू नका.

उन्हाचा दुसरा त्रास कूलरचा. खिडकीतल्या कूलरचा ओला वारा राउटरवर येत राहिला की केबलच्या पिना हिरवट पडतात आणि लिंक गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर येते. म्हणून बसवायला गेलो की आधी कूलर कुठे लागतो ते विचारतो, हिवाळ्यात गेलो तरी. लाईट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर 'नॉर्मल' मोडवर असेल तर बदली होईपर्यंतच्या क्षणात राउटर रिस्टार्ट होतो. त्यासाठी कंपनीचा ओएनटी (फायबर जोडला जातो तो डबा) आणि आमचा डबा दोन्ही चालवेल असा मिनी यूपीएस सोबत देतो.

ग्राहक आनंदाने फोन करतात ते मात्र वेगळ्याच कारणासाठी. मिहानमधल्या कंपनीसाठी घरून काम करणारी एक ताई होती. तिचा प्लॅन चांगला, स्पीड टेस्ट उत्तम, तरी भाऊ फोटो अपलोड करायला बसला की तिची मीटिंग अडकायची. कारण असं की वेगापेक्षा जास्त माल आला की मोडेम तो टाकून देत नाही, रांगेत साठवत बसतो, आणि आवाजाच्या डेटाचं इवलंसं पाकीट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. या दुखण्याला बफरब्लोट हे नाव जिम गेटिस यांनी दिलं. त्यावरचा आजचा उत्तम उपाय म्हणजे केक. जोनाथन मॉर्टन, डेव्ह टॅट आणि त्यांच्या साथीदारांनी घडवलेला हा अल्गोरिदम २०१८पासून लिनक्समध्ये आहे. गिरणीत पोतंभर गहू घेऊन आलेल्याचं दळण चालू असताना शहाणा गिरणीवाला मध्येच एखादीचा लहान डबा दळून देतो, तसं केक करतो. फक्त रांग आपल्या डब्यात तयार व्हायला हवी, म्हणून वेग प्रत्यक्ष मिळतो त्याच्या सुमारे ९० टक्क्यांवर बांधायचा. दहा टक्के सोडायला लोक नाखूश असतात. मग अपलोड चालू ठेवून पिंग (पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ) दाखवतो, आधीचा आणि नंतरचा. त्यानंतर कोणी ते दहा टक्के परत मागितलेले नाहीत. डेव्ह टॅट एप्रिल २०२५मध्ये गेले. हजारो मैलांवरच्या त्या माणसाच्या कामावर आमचं दुकान उभं आहे, हे इथे लिहून ठेवणं आम्हाला गरजेचं वाटतं.

मुलांचं नेट रात्री बंद व्हावं ही दुसरी मोठी मागणी. पूर्वी फोनच्या मॅक पत्त्यावर (नेटवर्कवरच्या त्याच्या ओळखक्रमांकावर) वेळेचा नियम लावला की भागायचं. आताचे फोन प्रत्येक वायफायसाठी खोटा मॅक पत्ता वापरतात आणि नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं की तो बदलूही शकतो. म्हणून आम्ही मुलांसाठी वायफायचं नावच वेगळं ठेवतो, वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच राउटरमधल्या स्वतंत्र नेटवर्कवर), आणि वेळेचा नियम त्या अख्ख्या व्हीलॅनला लावतो. मोठ्यांच्या वायफायचा पासवर्ड सांभाळणं तेवढं घरच्यांच्या हाती.

आमच्या डब्यात वायफाय नसतं, हे ऐकून लोक चमकतात. वायरलेस उपकरण विकायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेची मान्यता लागते, आणि लोकांच्या घरात रेडिओ बसवताना तो तपासलेलाच असावा असं आमचंही मत आहे. म्हणून आम्ही मान्यता असलेला तयार अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारं यंत्र, वेगळा लावतो. महालातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत हेच सोयीचं पडतं. राउटर फायबर येते त्या दारापाशी, वायफाय माजघराच्या छताला.

हे सगळं कंपनीच्या फुकट डब्यापेक्षा महाग पडतं, हे आम्ही पहिल्याच फोनवर सांगतो. घरात दोन माणसं, दोन फोन आणि कसलीच अडचण नसेल तर पैसे वाचवा, असंही सांगतो. काही इंटरनेट कंपन्या ओएनटी ब्रिज मोडवर टाकून द्यायला (म्हणजे राउटरचं काम आमच्या डब्याकडे सोडायला) आणि पीपीपीओईचं (कंपनीच्या लाईनवर लॉगिन करण्याचं) युजरनेम द्यायला अजूनही टाळाटाळ करतात. तिथे आम्ही ग्राहकासोबत अर्ज लिहितो, पाठपुरावा करतो. याचे वेगळे पैसे घेत नाही, कारण ही मागणी रास्त आहे.

सध्या टेबलावर ओपनडब्ल्यूआरटी वन आहे. २०२४च्या अखेरीस आलेला, ओपनडब्ल्यूआरटीच्या लोकांनी स्वतः बनाना पाय या बोर्ड बनवणाऱ्यांकडून करवून घेतलेला हा बोर्ड. मुख्य फ्लॅश बिघडली तरी दुसऱ्या चिपमधून तो वाचवता येतो आणि कन्सोलसाठी समोरच यूएसबी-सी पोर्ट दिलेला आहे, वायरी शोधायला नकोत. मुलांना शिकवायला याहून चांगला बोर्ड आम्हाला मिळालेला नाही. सोबत लुसीच्या (ओपनडब्ल्यूआरटीच्या ब्राउझरमधल्या सेटिंग पानांच्या) मराठी भाषांतरातल्या राहिलेल्या ओळी भरण्याचं कामही जमेल तसं चालू आहे.

रविवारी सकाळी वर्कशॉपचं टेबल सगळ्यांसाठी मोकळं असतं. जुना राउटर घेऊन या, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी चालेल का ते बघून सांगू, त्याचे पैसे नाहीत. निघण्याआधी राउटर उलटा करून तळाच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक आणि त्यापुढचं व्हर्जन फोटो काढून पाठवा. एकाच नावाच्या राउटरच्या दोन व्हर्जनांत चिप वेगवेगळी असू शकते, आणि चालेल की नाही ते त्या एका आकड्यावरच ठरतं.