ऑर्डिनेशन कौन्सिलमध्ये विचारलेला प्रश्न

आम्हा स्वतंत्र बॅप्टिस्ट ख्रिस्ती लोकांमध्ये बिशप नसतो, सिनॉड म्हणजे सगळ्या चर्चांवरची सभाही नसते. सेमिनरीचं, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेचं, प्रमाणपत्र मिळालं म्हणून कोणी पाळक (पास्टर) होत नाही. उमेदवार ज्या मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, सेवा करतो, ती मंडळी आसपासच्या मंडळ्यांच्या पाळकांना पत्र लिहून बोलावते आणि ते त्याची तोंडी परीक्षा घेतात. हे ऑर्डिनेशन कौन्सिल. ते फक्त शिफारस करतं. पाळक नेमायचा की नाही हे मंडळीच ठरवते.

मी विदर्भातल्या एका लहान सेमिनरीत ईश्वरविज्ञान शिकवतो. आमची पदवी बंगालमधल्या सेरामपूरची नाही. सेरामपूरचं कॉलेज १८१८ साली उभारणारे विल्यम कॅरी आणि त्यांचे सहकारी बॅप्टिस्टच होते. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्या कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. आमच्या संस्थापकांनी मात्र कोणाशीही संलग्न न होण्याचं ठरवलं. मुलांच्या आईवडिलांना हे समजावणं जड जातं, कारण या कागदावर नोकरी मिळत नाही. म्हणूनच आमच्याकडे कौन्सिलला एवढं वजन आहे. मुलाच्या शिक्षणाचा कस लागतो तो तिथेच.

उमेदवाराला आपला विश्वास लिहून आणावा लागतो: पवित्र शास्त्र, देव, ख्रिस्त, पवित्र आत्मा, पाप, तारण (पापातून सुटका), मंडळी, शेवटच्या गोष्टी (जगाचा अंत आणि न्याय). हा लेख मी मुलांकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतो. ज्या वाक्याला वचनाचा आधार नाही ते खोडतो. आधार दिला असेल तर तो अख्खा अध्याय वर्गात मोठ्याने वाचायला लावतो, कारण मागचंपुढचं तोडून घेतलेल्या वचनाने वाटेल ते सिद्ध करता येतं. यात माझे विद्यार्थी कच्चे निघत नाहीत, हे मी अभिमानाने सांगतो.

ज्या कौन्सिलबद्दल लिहितोय त्यातला उमेदवार मेळघाटातला, घरात कोरकू बोलणारा. पाठ ग्रीक आणि मराठीतून शिकायचा, आणि शनिवारी एसटीने धारणीकडे जाऊन रविवारी संदेश कोरकूत द्यायचा. पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा का, असं विचारल्यावर प्रचारक फिलिप आणि त्याने बाप्तिस्मा दिलेला षंढ अधिकारी दोघेही पाण्यात उतरले, हे त्याने बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातून दाखवलं. सेवक पाठवण्याचा अधिकार मंडळीचा कसा, हे पौल आणि बर्णबाला पाठवणाऱ्या अंत्युखियाच्या मंडळीवरून सांगितलं. पाळक खूश होते.

मग एका ज्येष्ठ पाळकांनी विचारलं, "ब्रदर, चार महिन्यांचं मूल गेलं, तर त्याचं काय होतं?"

आम्ही तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाही, त्यामुळे हा प्रश्न येतोच. ठरलेली वचनंही आहेत. दावीद राजाचं मूल मेल्यावर तो म्हणतो की मी त्याच्याकडे जाईन (२ शमुवेल १२:२३). बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात (१:३९) बरंवाईट न कळणारी लेकरं आहेत. ही दोन्ही वचनं माझ्या नोट्समध्ये आहेत. त्याने ती सांगितली.

"म्हणजे सगळी तान्ही मुलं तारली जातात. होय की नाही?"

"माझी आशा तीच आहे, पास्टरजी. पण दावीद त्याच्या स्वतःच्या मुलाबद्दल बोलतोय. त्यावरून सगळ्यांसाठी नियम मला सांगता येणार नाही."

"जबाबदारीचं वय, म्हणजे मूल स्वतःच्या पापाला जबाबदार होतं ते वय, किती मानता?"

"शास्त्रात वय दिलेलं नाही."

"मग आईला काय सांगाल?"

तो थोडा थांबला. म्हणाला, "सांगितलंय, पास्टरजी. आमच्या पाड्यावर बाळ गेलं तेव्हा मी तिथे होतो. म्हटलं, तुझं बाळ ज्याच्या हाती आहे त्याला मी ओळखतो, तो अन्याय करणार नाही. उत्पत्ती १८:२५." आणि तो खाली बसला.

सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश योग्य तेच करणार नाही काय, हा अब्राहामाचा सवाल. ते वचन माझ्या नोट्समध्ये या विषयाखाली नाही.

उमेदवाराला बाहेर पाठवून चर्चा झाली. मी लेखनिक होतो. ज्येष्ठ पाळकांचं म्हणणं होतं की हे उत्तर टाळणं झालं. एकाने १६८९ च्या लंडन कबुलीजबाबाचा, म्हणजे बॅप्टिस्टांच्या जुन्या लिखित विश्वासनाम्याचा, दाखला काढला. त्यातही देवाने निवडलेली मुलं तारली जातात एवढंच म्हटलंय, आणि बाकीच्यांबद्दल काही लिहिलेलं नाही. तेव्हा तीनशे वर्षांपूर्वीचे बॅप्टिस्ट जिथे थांबले तिथेच हा मुलगा थांबलाय, असं मी म्हणालो. ते कोणाला रुचलं नाही. आमच्या पाळकांना होय किंवा नाही ऐकायची फार सवय लागली आहे, आणि ती सवय बरीचशी बाहेरून आलेल्या छापील प्रश्नोत्तरांनी लावली आहे.

पण ज्येष्ठ पाळकांचं एक वाक्य मला सोडत नाही. ते म्हणाले, "जिथे मुलं कुपोषणाने जातात तिथे हा सेवा करणार. त्या आईला 'होय' ऐकायचं असतं. ते न सांगणारा पाळक तिच्या काय कामाचा?" त्यांनी स्वतः कितीतरी तान्ही मुलं पुरली आहेत. हे ते वादासाठी बोलत नव्हते.

शिफारस झाली, शेऱ्यासह: या विषयाचा अधिक अभ्यास करावा. तो शेरा मला माझ्या अक्षरात लिहावा लागला. संध्याकाळी मंडळीसमोर वाचला. मागच्या बाकांवर बसलेल्या बायकांनी सकाळचं सगळं ऐकलं होतं. त्यांनी सगळ्यांत आधी हात वर केले, आणि नेमणूक एकमताने झाली. मग सगळ्या पाळकांनी त्याच्यावर हात ठेवले. ज्येष्ठ पाळकांनीही ठेवले, आणि प्रार्थनाही त्यांनीच केली.

तो आता मेळघाटात आहे. पाड्यावरच्या ज्या बाईचं बाळ गेलं तिला ते उत्तर पुरलं का, हे मी त्याला फोनवर विचारलं. ती अजून उपासनेला येते, एवढंच त्याने सांगितलं. यातून मला काहीच ठरवता आलेलं नाही. आईला 'होय' हवं असतं हे खरं, आणि शास्त्र जिथे थांबतं त्यापुढे पाळकाने बोलू नये हेही मीच शिकवतो.

आमच्याकडे दुःखी घरांना भेटी देण्याचा विषय शेवटच्या वर्षी येतो, तारणाचा धडा पहिल्या वर्षी. दोन्ही एकत्र शिकवू द्या, आणि मेळघाटातल्या पाळकांना वर्गात बोलवू द्या, असं मी कार्यकारिणीला लिहून दिलंय. बैठक जूनमध्ये आहे. त्या ज्येष्ठ पाळकांनाही मी वर्गात येण्याची विनंती केली आहे, आणि त्यांनी होकार दिलाय.