आमची वाटचाल: पास्ता पंधरा मिनिटांनीच येईल

कोथरूडमधल्या आमच्या इटालियन हॉटेलात ऑर्डर दिल्यावर पास्ता यायला पंधरा ते अठरा मिनिटं लागतात, रिसोटोला (इटालियन मऊ भात) पंचवीस. मेन्यूकार्डावर हे पहिल्यापासून छापलेलं आहे. हॉटेल बंद पडायची वेळ आली ती या मिनिटांपायी, आणि टिकलं तेही त्यांच्याच जोरावर.

सुका पास्ता शंभर ग्रॅम असेल तर पाणी एक लिटर, आणि लिटरला दहा ग्रॅमच्या आसपास मीठ. पाण्याला खळखळून उकळी आल्याशिवाय पास्ता टाकायचा नाही. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढायचा आणि ती दोन मिनिटं पॅनमध्ये सॉसबरोबर शिजवायचा, पास्त्याचंच पाणी पळीपळीनं घालत. त्या पाण्यात उतरलेल्या स्टार्चमुळे तेल आणि पाणी एकजीव होतं आणि सॉस पास्त्याला धरून राहतो. दोन तास एकच पाणी वापरलं तर ते दाट आणि खारट होतं, म्हणून सर्व्हिसच्या मध्यात ते बदलावंच लागतं. गॅस वाचवायला हे टाळणारी हॉटेलं आम्हाला माहीत आहेत.

सुरुवातीपासून आमच्यासोबत आहेत ते तळेगावकडचे डेअरीवाले. आमच्याकडे छोटं मशीन आणि भाड्याची जागा होती, त्यांच्याकडे म्हशीचं चांगलं दूध आणि शिकायची तयारी. मोझरेला चीजचं सगळं गणित आंबटपणावर आहे. दही कापून त्यातलं निवळीचं पाणी काढल्यावर पीएच ५.२ च्या आसपास उतरेपर्यंत थांबायचं. मीटर असला तरी ते हाताची परीक्षा घेतातच: बोटभर तुकडा ८५ अंशांच्या पाण्यात बुडवायचा आणि ओढायचा. तुटला तर अजून वेळ आहे. चकाकत लांब ताणला गेला तर लगेच कामाला लागायचं, कारण उशीर झाला की तेच दही भुसभुशीत होतं. रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध गोठवायला घालतात ते द्रव्य, ते मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून बनलेलं वापरतात. आमच्या धंद्यात ही बाब फार मोठी आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

ताजं मोझरेला थेट पिझ्झ्यावर टाकायचं नाही. आदल्या रात्री बोटाच्या जाडीचे तुकडे करून चाळणीत, खाली भांडं ठेवून, फ्रिजमध्ये निथळत ठेवायचं. सकाळी भांड्यात साठलेलं पांढरट पाणी दिसतं. ते पाणी पिझ्झ्यात गेलं की मधला भाग ओला राहतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, कच्चा आहे. नेपल्सचा पिझ्झा मध्ये मऊ असतो, ओला नसतो.

पीठ दहा किलो असेल तर पाणी साधारण सहा लिटर, मीठ २८० ग्रॅम आणि यीस्ट अगदी थोडं, एप्रिल-मे महिन्यांत तर त्याच्याही निम्मं. पुण्याच्या उन्हाळ्यात मिक्सरमध्ये बर्फाचं पाणी घालावं लागतं, कारण मळून झाल्यावर पीठ २४-२५ अंशांच्या वर गेलं तर रात्रीतच फुगून बसतं आणि सकाळी थापताना फाटतं. गोळा २५० ग्रॅमचा, चोवीस तास फ्रिजमध्ये. ओव्हन लाकडाचा, आत बाभूळ. तळ चारशे अंशांच्या वर असेल तर साठ ते नव्वद सेकंदांत पिझ्झा होतो. ओळीनं आठ-दहा पिझ्झे काढले की तळ थंड पडतो आणि वरून डाग पडूनही बुड पांढरं राहतं. तेव्हा निखारे तळावर पसरून पाच मिनिटं थांबायचं. इन्फ्रारेड गन तळाला लावून बघितल्याशिवाय पुढचा पिझ्झा आत जात नाही. ही गन आणि लहान गोल तोंडाचं लांब दांड्याचं फिरवायचं फावडं आमच्याकडे कारागिराच्या पगाराइतक्याच जपून ठेवलेल्या वस्तू आहेत.

आता ज्या हॉटेलमुळे आमच्यावर बंद पडायची वेळ आली त्याविषयी. नाव लिहीत नाही, पण आमच्या भागातल्या जुन्या गिऱ्हाइकांना ते कळेल. आमच्यापासून चार दुकानं सोडून भला मोठा फलक लागला, ‘अनलिमिटेड पिझ्झा-पास्ता’. आमच्या एका पास्त्याच्या किमतीत पोटभर सगळं. महिन्याभरात आमचा पीठवाला कारागीर, ओव्हनवाला आणि दोन कॅप्टन तिकडे गेले. पगार जास्त दिला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आमच्या पिठाचं प्रमाण, डेअरीवाल्यांचा नंबर आणि आमची शुक्रवार-शनिवारची बुकिंग वही यांचाही उपयोग करून घेतला गेला. डेअरीवाल्यांना जास्त भाव सांगण्यात आला. ते गेले नाहीत, हे आम्ही कधी विसरणार नाही.

तिथे काय चालायचं ते या धंद्यातल्या कुणालाही सांगायला नको. पास्ता सकाळीच उकळून, तेल लावून, डब्यांत भरून ठेवायचा. ऑर्डर आली की अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवून वर सॉस. तेलाच्या थरामुळे सॉस धरत नाही, म्हणून त्यात मैदा, क्रीम आणि प्रोसेस्ड चीज घालून तो दाट करायचा. आधी गार्लिक ब्रेडची टोपली आणि गोड मॉकटेल द्यायचं, म्हणजे ‘अनलिमिटेड’मधला पिझ्झा दुसऱ्या तुकड्यालाच थांबतो. व्हाइट सॉस इटालियन नाही असं नाही. बोलोन्याच्या लझान्यात हिरव्या पट्ट्यांमध्ये रागू (मांसाचा सॉस) आणि बेशामेल, म्हणजे व्हाइट सॉस, असतोच. पण प्रत्येक पास्त्यावर तो ओतणं हा वाईट पास्ता झाकायचा उपाय आहे.

नुकसान दुहेरी झालं. गिऱ्हाईक गेलं हे एक. परत आलं ते तक्रार घेऊन आलं, हे त्याहून वाईट. ‘तुमचा पास्ता कच्चा आहे’, ‘तिकडे पाच मिनिटांत येतो’, ‘सॉस एवढाच?’ मधोमध किंचित चावावा लागणारा पास्ता हाच नीट शिजलेला पास्ता, हे टेबलाटेबलावर समजावून सांगावं लागलं. गल्ला भाड्यालाही पुरेना. जागामालकांनी दोन महिने थांबायचं कबूल केलं, तिसऱ्याचं नाही.

त्या काळात न चुकता आले ते आमचे एक निवृत्त इंजिनिअर काका. दर गुरुवारी, पासजवळचं (तयार ताटं स्वयंपाकघरातून जिथे बाहेर येतात तिथलं) टेबल, ठरलेली डिश आल्यो ए ओल्यो, म्हणजे लसूण-तेलातला पास्ता. या डिशमध्ये लपवायला जागा नसते. लसूण थंड तेलातच टाकायचा आणि मंद आचेवर तेलासोबत गरम होऊ द्यायचा. कडा फिकट सोनेरी झाल्या की लगेच पास्त्याचं पाणी, नाहीतर कडवटपणा उतरतो. गावरान लसूण उग्र असतो, म्हणून पाकळ्या कमी आणि आतला हिरवा कोंब काढलेला. काका पहिला घास घेऊन सांगायचे, ‘मालक, आज लसूण जरा पुढे गेला.’ आणि तसंच असायचं. नव्या पोरांना आम्ही त्यांच्याच ताटावर शिकवलं. पुढे त्यांनी त्यांच्या सोसायटीतली आणि कंपनीतली माणसं आणली, आणि ती माणसं पंधरा मिनिटं थांबायला तयार होती.

आम्ही मेन्यूकार्ड अर्ध्यावर आणलं. जे बन्सी रव्याचा ताजा पास्ता आणि ओव्हन यांवर उभं नव्हतं, ते बहुतेक सगळं काढलं. पास्त्याच्या मशीनला ब्राँझची डाय, म्हणजे पास्ता ज्या भोकांतून बाहेर पडतो तो साचा, बसवली. तिच्यातून निघालेला पास्ता खरखरीत असतो, सॉस पकडतो. टेफ्लॉनच्या डायचा गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो, पण सॉस ताटात सोडतो. ब्राँझची डाय वापर झाल्या झाल्या पाण्यात बुडवून ठेवावी लागते. आत पीठ वाळलं की भोकं साफ करताना ती खराब होते.

वाढण्याची पद्धतही तेव्हाच पक्की झाली. ताट कोमट करूनच पासवर येतं. एका टेबलाच्या सगळ्या डिश एकत्र निघतात, त्यासाठी केओटीवर (स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) प्रत्येक पदार्थाची मिनिटं लिहिलेली असतात: रिसोटो आधी चढतो, पिझ्झा सगळ्यात शेवटी ओव्हनमध्ये जातो. रिसोटो कार्नारोली तांदळाचा, आच बंद करून थंड लोणी आणि चीज घोटून घातलेला. ताट हलवलं की तो सैल पसरला पाहिजे. टेबलावर चार मिनिटं फोटोसाठी थांबला की तो घट्ट होतो, आणि वेटरनं हे नम्रपणे सांगायचंच.

आणि रेनेटची गोष्ट. पार्मिजानो रेज्जानो चीज नियमानुसार वासराच्या जठरातल्या रेनेटनंच बनतं, पेकोरीनो रोमानो कोकराच्या. शाकाहारी गिऱ्हाइकाला हे न सांगता किसून घालणं ही फसवणूक आहे, आणि पुण्यात ती सर्रास चालते. आमच्याकडे शाकाहारी डिशवर मायक्रोबियल रेनेटचं भारतीय चीजच पडतं, किसणी वेगळी, डबा वेगळा. जैन गिऱ्हाइकांसाठी कांदा-लसणाशिवायचा टोमॅटो सॉस वेगळ्या पातेल्यात, आणि न्योक्की (छोटे मऊ उकडलेले गोळे) बटाट्याऐवजी रिकोटा चीजची. वेटरला हे तोंडपाठ नसेल तर त्याला टेबल मिळत नाही.

मार्च २०२० मध्ये सगळंच बंद झालं. घरपोच पास्ता पाठवायचा नाही हे ठरलेलंच होतं, कारण डब्यात तो वाफेवर शिजत राहतो. आम्ही पिठाचे गोळे, सॉस आणि निथळलेलं चीज पाठवलं, सोबत तव्यावर भाजायची रीत छापून. ५ ऑक्टोबर २०२० ला निम्म्या खुर्च्यांवर परवानगी मिळाली तेव्हा काका पहिल्या गुरुवारी हजर होते. २०२३ च्या जुलैत टोमॅटो भडकला, नारायणगावच्या बाजारात सकाळी भाव बघून सॉस किती करायचा ते ठरवावं लागलं, पण तेही निभावलं.

नवीन हॉटेल काढणाऱ्यांना सांगतो: खुर्च्यांआधी धूर बाहेर ओढणाऱ्या एक्झॉस्टवर पैसे घाला, आणि पासपासून सगळ्यात लांबच्या टेबलापर्यंत चालून बघा. वीस पावलांपुढे पास्ता नेऊ नका. बेसिल फ्रिजमध्ये ठेवू नका, काळं पडतं. देठ पाण्यात बुडवून बाहेर ठेवा. पीठ मळायला स्पायरल मिक्सर घ्या, प्लॅनेटरी नको, त्यात पीठ तापतं.

हे शेवटचं लिहायला कारण आहे. ते ‘अनलिमिटेड’ हॉटेल बंद झालं तेव्हा त्यांचं सामान विक्रीला निघालं आणि आम्हीही बघून आलो. मिक्सर प्लॅनेटरी होता, तो सोडला. पास्ता उकळून ठेवायचे डबे ढिगानं होते, तेही सोडले. दोन स्टीलची टेबलं आणि एक अंडरकाउंटर फ्रिज घेतला. दाराचं गॅस्केट (रबरी पट्टी) गेलेलं होतं, ते बदलून घेतलं. आता त्यात पिठाचे गोळे असतात.