कापलेली दप्तरे

शुक्रवार, २३ मे २०२५, फोंडा

आज आमच्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये शाळेची २१२ दप्तरे कापून निकामी करण्यात आली आणि ती कापल्याच्या दाखल्यावर भांडाराच्या वतीने माझी सही आहे. घरी आलो, जेवलो, पण मन थाऱ्यावर नाही. म्हणून जे पाहिले ते आजच लिहून ठेवतो.

दप्तरांत दोष होता, हे खरे. पुढच्या कप्प्यावर छापलेले बोधचिन्ह ठरलेल्या रंगापेक्षा फिके आले होते आणि काहींवर ते अर्ध्या बोटाने तिरके बसले होते. तेवढ्यावरून तपासणी विभागाने सगळा लॉट रिजेक्ट म्हणून बाजूला काढला. बाकी शिलाई पक्की होती, चेन अडत नव्हती, पट्ट्यांना दुहेरी टाके होते. ज्या कंपनीसाठी आम्ही हा माल शिवतो, तिच्या करारातच लिहिलेले आहे की नाकारलेला माल आवाराबाहेर जाता कामा नये. तो मोडून टाकावा, त्याचे फोटो काढावेत आणि सहीशिक्क्याचा दाखला पाठवावा.

कापायचे कसे, तेही ठरलेले आहे. आधी खांद्याचे दोन्ही पट्टे मुळापासून कापायचे, मग पुढच्या कापडावर वरपासून खालपर्यंत एक चीर द्यायची आणि शेवटी बुडाला दुसरी. नुसते पट्टे कापले तर कोणी ते पुन्हा शिवून घेईल, म्हणून बूडही फाडायचे. दुहेरी टाक्यांवर कटर अडतो; तिथे जोर लावावा लागतो आणि धागे तुटताना बारीक करकर आवाज येतो. दुपारपर्यंत पाती बोथट झाली, तेव्हा नव्या पात्यांचे पाकीट भांडारातून मीच काढून दिले आणि रजिस्टरात त्याची नोंद केली.

कापणाऱ्यांत कंत्राटावर येणाऱ्या, सत्तरीतल्या एक मावशी होत्या. त्यांची नात जूनमध्ये पहिलीत जाणार आहे. एक निळे दप्तर हातात धरून त्यांनी हळू आवाजात मला विचारले, "भाऊ, ह्याच्यावरचे नाव खरवडून काढले तर चालेल काय? नातीला झाले असते." मी नाही म्हणालो. फाटकावर प्रत्येकाची पिशवी तपासली जाते आणि दप्तर सापडले तर त्यांचे काम जाईल, हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. त्याच दप्तराचे पट्टे त्यांनी कापले आणि ते ढिगावर ठेवले. ज्यांनी ही दप्तरे शिवली, त्या बायका पलीकडच्या शेडमध्ये पुढचा लॉट शिवत होत्या.

करात सूट मिळते म्हणून कंपन्या माल नष्ट करतात, असे पुष्कळ जण म्हणतात. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत तरी आपल्याकडे तसे नाही. २०१७ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम १७ मध्ये हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट केलेला, खात्यातून निर्लेखित केलेला आणि भेट म्हणून दिलेला माल एकाच ओळीत बसवला आहे. यांपैकी कशावरही आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे दप्तर कापले काय आणि पहिलीतल्या मुलीला दिले काय, या करापुरता कंपनीचा भुर्दंड तोच. फरक पडतो तो कागदांत आणि भीतीत. कापले की एका दाखल्यावर प्रकरण मिटते. द्यायचे म्हटले की कोणाला, किती, कशातून, पोच कुठे, हे सगळे प्रश्न उभे राहतात आणि त्यांची उत्तरे देणारा माणूस कोणत्याच कार्यालयात नेमलेला नसतो. भीती अशी की हाच माल उद्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाव किमतीला दिसेल आणि दुकानातल्या दप्तराची किंमत कोणी देणार नाही. ही भीती अगदीच खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. पण नाव झाकता येते, त्यावर 'विक्रीसाठी नाही' असा पक्का शिक्का मारता येतो, आणि पट्टे कापायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात ते होते.

मोठ्या कंपन्यांचेही हेच चालत आले आहे. बर्बेरी या ब्रिटिश कंपनीने २०१७-१८ या एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केल्याचे तिच्याच वार्षिक अहवालात आले, लोक चिडले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तिने ही पद्धत बंद करत असल्याचे जाहीर केले. फ्रान्सने २०२० मध्ये कायदाच केला आणि २०२२ पासून कपड्यांसारखा न विकलेला माल नष्ट करण्यावर बंदी आणली. युरोपीय संघात मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून न विकलेले कपडे आणि पादत्राणे नष्ट करता येणार नाहीत. आपल्याकडे उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये नियम केले. म्हणजे देण्याची रीत कागदावर बसवता येते, हे आपणही एकदा करून दाखवले आहे. दप्तर तर नासतही नाही.

प्रत्येक वस्तू वाटावी, असे मला म्हणायचे नाही. वेर्ण्याच्या वसाहतीतल्या औषध कारखान्यांत बिघडलेल्या गोळ्या नष्ट करतात, ते केलेच पाहिजे. ज्या वस्तूमुळे माणसाला अपाय होईल, ती दान म्हणून कोणाच्या गळ्यात मारणे हा गुन्हाच आहे. पण रंग फिका पडल्याने कोणाला अपाय होतो?

संध्याकाळी पाऊस लागला, तेव्हा ढिगावर ताडपत्री टाकली. पॉलिएस्टरच्या या चिंध्यांचा पुन्हा उपयोग नाही. गोव्यातला असा कोरडा कचरा घाट चढून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत जळण म्हणून जातो.

शेडमध्ये अजून ९० दप्तरे बांधलेली आहेत. ती सोमवारी कापायची आहेत. जेवणानंतर व्यवस्थापकांच्या नावे एक अर्ज लिहिला: दोष केवळ दिसण्याचा असेल, तर ब्रँडच्या कंपनीकडून लेखी परवानगी मागावी, बोधचिन्हावर कापडाचा तुकडा शिवावा आणि माल शिक्का मारून तालुक्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांना पोच घेऊन द्यावा. एका दप्तराला किती कापड आणि किती मिनिटे लागतील, तेही खाली मांडले आहे. सोमवारी आठला शेड उघडण्याआधी तो त्यांच्या टेबलावर ठेवायचा आहे, आणि परवानगीचे उत्तर येईपर्यंत भांडारातून पाती द्यायची नाहीत, हेही त्यांना तोंडी सांगायचे आहे.