इन्स्टाग्राम असताना वेगळी साइट कशाला?

दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात बसून क्रिप्टोवाल्यांच्या विकेंद्रित वेबसाइट बनवता म्हणजे नेमकं काय, आणि इन्स्टाग्राम फुकट असताना ते तुम्हाला पैसे का देतात? लग्नात, एसटीत, जिनिंगपुढच्या गाड्यांच्या रांगेत हे विचारणारं कुणीतरी भेटतंच. आमचे काका तर सरळ म्हणतात, “काय करून राहिला बे तू?” तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

माझं गिऱ्हाईक म्हणजे डिजिटल चित्रं एनएफटी (म्हणजे मालकीची डिजिटल नोंद) करून विकणारे, नाहीतर ती जमवणारे. मी कोण, चित्रं कोणती, पैसे कुठे पाठवायचे, एवढं सांगणारं पान त्यांना हवं असतं. क्रिप्टो ठेवायच्या वॉलेटचा पत्ता ४२ अक्षरी, तो कोण पाठ करणार? त्यासाठी इथेरियम या सामायिक ऑनलाइन नोंदवहीवर (ब्लॉकचेनवर) २०१७ पासून ईएनएस ही नावांची सोय आहे. ‘डॉट ईथ’ने संपणारं नाव घ्यायचं आणि पत्ता, फोटो, दुवे त्यापुढे चढवायचे. सातबाराच समजा, फक्त फेरफारासाठी तलाठ्याकडे चकरा नाहीत. पाच किंवा जास्त अक्षरांच्या नावाला वर्षाला ५ डॉलर, वर व्यवहाराचा गॅस, म्हणजे नेटवर्कची फी.

पान मात्र आयपीएफएसवर ठेवतो, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून फाइली ठेवायच्या नेटवर्कवर. तिथं फाइलचा पत्ता तिच्या मजकुरावरूनच ठरतो. एक स्वल्पविराम हलला तरी पत्ता नवा, आणि तो नावापुढे चढवायला पुन्हा गॅस. मजकूर आधी तपासा म्हणून बजावतो. चित्रकार मंडळी ऐकतील तर शपथ. आणखी एक खोडी: स्टाइलच्या फाइलचा मार्ग तिरप्या रेघेने सुरू केला, तर काही गेटवेवर (आयपीएफएसचं पान साध्या ब्राउझरात दाखवणाऱ्या सर्व्हरवर) पान उघडतं पण रंग, फॉन्ट सगळे गायब. रेघेआधी एक टिंब दिलं की जागेवर येतं.

साइट कायमची राहील असं मी कुणालाच सांगत नाही. फाइल कुणीतरी पिन करून, म्हणजे आपल्या संगणकावर मुद्दाम राखून ठेवली नाही तर ती हळूहळू नेटवर्कवरून नाहीशी होते. नावाची मुदत संपून ९० दिवस उलटले की ते दुसरा घेऊ शकतो. बहुतेक ब्राउझर ‘डॉट ईथ’ उघडत नाहीत. पुढे ‘डॉट लिमो’ जोडावं लागतं, आणि तोही कुणाचा तरी सर्व्हरच.

मग पैसे कशाचे? सोडून जाता येतं त्याचे. पिन करणारी कंपनी बुडाली तर त्याच फाइली दुसरीकडे पिन करायच्या, पत्ता तोच राहतो. नावाची किल्ली गिऱ्हाइकाकडेच असते. इन्स्टाग्रामचं खातं बंद झालं तर फॉलोअर कुठे घेऊन जाल?

जमवणाऱ्यांना एक सांगणं असतं: मिरवायचं वॉलेट वेगळं ठेवा. वॉलेटची शिल्लक उघडीच असते, नाव जोडलं की ती कुणाची हेही सगळ्या जगाला दिसतं.

आमच्याकडची लाइन गेली तर साइट बंद पडते का? नाही, ती माझ्या लॅपटॉपवर नसतेच.

कोणतं कॉइन घेऊ, हे मात्र मला विचारू नका. नफ्यावर ३० टक्के कर, एकातला तोटा दुसऱ्यातून वजा नाही, विकताना १ टक्का टीडीएस. पुढचं तुमच्या सीएला विचारा.