तळ्याकाठची झाडं आणि मोजणीची 'क' प्रत : माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या आमच्या गावतळ्याभोवती देशी झाडाझुडपांचा पट्टा करायचा, हे ग्रामसभेत एका बैठकीत मंजूर झालं. बेशरम, म्हणजे काठानं माजणारं ते परकं झुडूप, उपटायला पंधरा दिवस पुरले. आठ महिने खाल्ले ते एकाच प्रश्नानं: तळ्याची हद्द कुठवर?

सातबाऱ्यावर तळ्याचं क्षेत्र असतं, जागेवर ते दिसत नाही. ऊस पार पाण्याला टेकलेला. तोंडी विचारलं की जो तो शेजारच्या रानाकडं बोट दाखवतो. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाकडनं सरकारी मोजणी. अर्ज ग्रामपंचायतीच्या नावानंच जावा लागतो. आम्ही आमच्या मंडळाच्या नावानं टाकला, तो तसाच परत आला. दुसऱ्यांदा ठराव जोडला, ताजा सातबारा जोडला, लगतच्या कब्जेदारांची नावं-पत्ते दिले. त्यातली दोन खाती वारसनोंद न झालेली. नोटीस मयताच्या नावानं निघाली, ती बजावणार कुणाला? तारीख गेली. ही यादी अर्जाआधी तलाठ्याकडं बसून एकेक नाव हयात आहे का ते विचारत तपासा. कंटाळवाणं आहे, पण महिने वाचतात.

पुढची तारीख मिळाली ऑगस्टमधली. तळं सांडव्यावरनं वाहतंय, ऊस डोक्याच्या वर, कडेला पाय टाकला की गुडघाभर चिखल. भूकरमापक आले, बांधावर उभं राहून बघितलं आणि पीक उभं असल्याचा शेरा मारून गेले. त्यांचं काही चुकलं नाही, उसातनं दिसणार काय? पण तारीख लिहिणाऱ्याला खिडकीबाहेरचा पाऊस दिसला नसेल का, हा राग अजून गेलेला नाही.

अर्ज टाकायचा तो दिवाळीच्या सुमाराला, आणि तारीख ऊस तुटल्यावरची, फेब्रुवारी ते मे मधली, मागून घ्यायची. हद्दीच्या खुणा दाखवल्या की त्याच दिवशी दगड पुरायचे. आम्ही चुना टाकला होता. वळवाच्या एका सरीत धुऊन गेला आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात असून पुन्हा वाद.

'क' प्रत मालकीची रेघ सांगते. पाणी कुठवर येतं ते तिच्यात नसतं आणि झाडं लावायची ती पाण्याच्या रेघेवरून. त्यासाठी गवंड्याची पाणी भरलेली लेव्हलची नळी पुरे. एक टोक सांडव्याच्या माथ्याशी धरायचं, दुसरं काठानं पुढं नेत दर दहा मीटरला खुंटी ठोकायची. नळीत एक बुडबुडा राहिला तरी पातळी चुकते, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं आहे ना ते बघायचं. 

शेजाऱ्याला 50 मीटरचा दम देऊ नका. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांत पक्क्या बांधकामाला 50 मीटरची मनाई आहे खरी, पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्या व्याख्येतून वगळलेत.

लागवडीत सगळे झाडांच्या मागं लागतात. उसाच्या रानातली माती आणि तिला चिकटलेलं खताचं स्फुरद (फॉस्फरस) अडवतं ते गवत. म्हणून रानाच्या बाजूनं पाचेक मीटर नुसतं गवत ठेवा: हरळी असतेच, तिच्यात उताराला आडव्या वाळ्याच्या दोन ओळी, ठोंबात वीतभर अंतर. ओघळ असेल तिथं मात्र पाणी गवताला न विचारता सरळ तळ्यात जातं. ओघळीच्या तोंडाशी समपातळीत दगडांची बुटकी ओळ घाला, पाणी पसरलं पाहिजे.

गवताच्या पट्ट्याच्या आत, तळ्याच्या बाजूला करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन, तीन-तीन मीटरवर, मधे निर्गुडी. काळ्या रानात खड्ड्यात पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून रोप वीतभर उंचवट्यावर लावायचं. उन्हाळ्यात जमीन भेगाळून मुळं तुटतात. पाचटाचं आच्छादन घाला, पण पावसाळा सरल्यावर. आम्ही जुलैत घातलं, सगळं तरंगत सांडव्याशी जाऊन तुंबलं. पाण्याच्या रेघेवर वाळुंजाच्या हातभर ताज्या फांद्या खोचल्या तरी फुटतात, खाली उथळ चिखलात वेखंडाचे कंद. पाणकणीस लावू नका. ते आपणहून येतं आणि उथळ तळं गिळतं.

बेशरमीचं राहिलंच: तोडलेले तुकडे ओल्या काठावर टाकलेत तर पेराला मुळं फुटून दुप्पट होते. पाणी आटल्यावर मुळासकट काढून खडकावर वाळवायची.

म्हशींना वाट सोडा. पंधरा फूट रुंद, मुरूम टाकलेली, पाण्यापर्यंत. आम्ही आधी सगळीकडं कुंपण घातलं, ते चौथ्या दिवशी आडवं होतं.

जांभळाच्या बिया जपून ठेवायच्या नसतात. जूनमध्ये फळ खाल्लं की आठवड्याभरात पिशवीत लावायच्या, वाळल्या की उगवत नाहीत.

उत्तरेकडच्या काठाची मोजणी बाकी आहे. यंदाचा अर्ज भाऊबीजेनंतर कार्यालय उघडलं त्याच दिवशी टाकलाय.