नाईकांच्या वाड्यातले शनिवार

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा 'रात्रीस खेळ चाले' या भुताच्या मालिकेचं पहिलं पर्व आमचं बघून संपत आलं होतं. त्यानंतर दहा शनिवार झाले. दर शनिवारी सहा भाग, म्हणजे दुसऱ्या पर्वाचे साठ भाग बघून झालेत. बसायची वेळ रात्री साडेदहाचीच ठेवली आहे, २०१६ साली मालिका लागायची तीच. मंडळीही तीच: मी, दादा, मूळची नागपूरची वहिनी आणि कुडाळजवळ लहानाची मोठी झालेली आत्या.

सुरुवातीलाच वाद झाला होता. पहिल्या पर्वात घरातले कर्ते अण्णा नाईक यांच्या मृत्यूने सगळं कुटुंब वाड्यात गोळा होतं आणि जानेवारी २०१९ मध्ये आलेलं दुसरं पर्व त्याच्या आधीच्या काळात जातं. दादाचं म्हणणं, गोष्टीत जे आधी घडलं ते आधी बघू. वहिनी आणि मी अडून बसलो: दाखवलं त्याच क्रमाने बघायचं. ज्यांनी अजून सुरुवात केली नसेल त्यांनी हाच क्रम धरा, असं मी आता छातीठोकपणे सांगते. पहिल्या पर्वात अण्णांचा नुसता वचक कळतो, मेल्यावरही घरात उरलेला. मग दुसऱ्या पर्वात अण्णा झालेले माधव अभ्यंकर मिशीवर हात फिरवत समोर येतात तेव्हा या माणसाचं पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं, आणि तरीही पोटात गोळा येतो.

बघताना आम्ही एक वही ठेवतो. तिच्यात प्रत्येक भागाला दोन खाती आहेत, भीती आणि हसू. प्रत्येकाने दोन्हींना पाचपैकी गुण द्यायचे आणि चौघांची बेरीज मांडायची. साठ भागांनंतर भीतीच्या खात्यात सर्वात वर, वीसपैकी अठरा गुणांवर असलेल्या भागात भूत नाहीच. अण्णा जेवायला बसलेत, त्यांची बायको माई वाढतायत, बस. माई झालेल्या शकुंतला नरे यांचा हात ताटाशी येतो आणि मागे जातो, एवढ्यावर आम्ही चौघं गप्प झालो. पांढरी आकृती, किंकाळी, वीज वगैरे असलेले भाग नऊ-दहावर अडकलेत. त्यातल्या एकाला तर दादाने घड्याळ लावलं होतं. दार उघडेपर्यंत घरातल्या सगळ्यांचे चेहरे दोनदा दाखवून झाले. "भूत बिचारं बाहेर उभं राहून कंटाळलं असेल," वहिनी म्हणाली आणि त्या भागाला हसूचे पूर्ण पाच दिले.

हसूच्या खात्यात नाईकांच्या घरच्या पांडू गड्याला तोड नाही. ऐन मोक्याला त्याचं "इसारलंय" (विसरलोय) आलं की आत्या टाळी देते. पांडू झालेले प्रल्हाद कुडतरकर मालिकेचे लेखकही आहेत, हे वहिनीला या महिन्यात कळलं आणि तिने जुन्या पानांवर जाऊन गुण वाढवले. मला ते पटलं. ज्याला सगळी गोष्ट माहीत आहे त्यानेच सगळं विसरणारा माणूस करावा, यात केवढी मजा आहे! शिवाय पांडूचं विसरणं नुसतं हसण्यापुरतं नाही. जे कळायला हवं ते त्याच्या जिभेवर येऊन थांबतं आणि आपण पुढचा भाग लावतो.

अण्णांच्या शेवंतावर, त्यांच्या लग्नाबाहेरच्या बाईवर, मात्र एकमत नाही. शेवंता झालेली अपूर्वा नेमळेकर पडद्यावर आली की नजर हलत नाही, हे सगळ्यांना मान्य. वहिनी तिच्यावर चिडते, दादा तिची बाजू घेतो म्हणून त्याच्यावरही चिडते. परवा आत्याने भांडण एका वाक्यात मिटवलं: "तिका सगळे नावा ठेवतत, अण्णाक कोण ठेवता?" त्या रात्री पुढचा भाग लावायला पंधरा मिनिटं उशीर झाला.

वहिनीसाठी केलेली मालवणी शब्दांची यादी आता ११२ वर गेली. घोव (नवरा), झील (मुलगा), चेडू (मुलगी) पहिल्या आठवड्यातच पाठ झाले. 'खंय' (कुठे) आणि 'कित्याक' (कशाला) ती आता घरातही वापरते. मोठी भर मात्र मालिकेतून पडत नाही, मध्येच थांबवून आत्या सांगते त्यातून पडते. देवचार म्हणजे भूत नव्हे, हे तिने तीनदा बजावलं. तो गावाच्या वेशीचा राखणदार, त्याला नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. २०१६ मध्ये या मालिकेवर कोकणातूनच आक्षेप आले होते, आणि आत्याचा रागही तोच आहे: आमच्याकडे रात्र झाली की फक्त भुतंच फिरतात असं मुंबईकरांना वाटेल. मला तिचं म्हणणं रास्त वाटतं. मालिका माझी लाडकी आहे, तरी त्या बाबतीत ती कमी पडते. म्हणून वहीत तिसरं खातं उघडलंय, 'आत्याची दुरुस्ती'. सध्या १७ नोंदी आहेत.

पुढच्या शनिवारी बैठक नाही. आत्या सावंतवाडीला चाललीय आणि मालिकेचं चित्रीकरण झालेलं आकेरी तिथून जवळच आहे. वाड्याचा फोटो काढून आण म्हटलं तर तयार झाली, पण सकाळच्या उन्हातच जाणार म्हणाली.