रविवारची टीप खरंच जास्त असते का? डमी व्हेरिएबल वाचताना

हॉटेलच्या फीडबॅक फॉर्मवरची माहिती रिग्रेशनला (एका गोष्टीवर बाकीच्यांचा किती परिणाम होतो ते आकड्यांत मांडणाऱ्या गणिताला) लावायची म्हटलं की पहिली अडचण शब्दांची येते. बिलाची रक्कम आकड्यातच असते. पण ‘गुरुवार’, ‘एसी हॉल’, ‘पार्सल’ यांचं काय करायचं? बरेचजण एक्सेलमध्ये गुरुवार १, शुक्रवार २, शनिवार ३, रविवार ४ असे कोड टाकून मोकळे होतात. मग मॉडेल धरून चालतं की गुरुवार-शुक्रवारात जेवढा फरक, बरोब्बर तेवढाच शनिवार-रविवारात. दिवसांचं निदान क्रमाने तरी येतं. एसी हॉल, फॅमिली रूम आणि पार्सल यांना १-२-३ दिलं तर त्याला काहीच अर्थ उरत नाही.

म्हणून प्रत्येक प्रकारासाठी ०/१ चा वेगळा कॉलम, म्हणजेच डमी व्हेरिएबल, करायचा आणि त्यातला एक सोडून द्यायचा. चार दिवस असतील तर डमी तीन. सोडलेला दिवस हा बेस, आणि बाकी प्रत्येक गुणांक (मॉडेल त्या कॉलमला देतं तो आकडा) म्हणजे त्या बेसपासूनचा फरक. चारही डमी ठेवल्या तर त्यांची बेरीज प्रत्येक ओळीत १ येते, म्हणजे कॉन्स्टंटच्या (मॉडेलच्या पायाच्या आकड्याच्या) सगळीकडे १ असलेल्या कॉलमची नक्कल. अशा वेळी आर हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर एका गुणांकाजागी एनए (उत्तर नाही) दाखवतं, एक्सेल शून्य देतं. पायथनचं स्टॅट्समॉडेल्स हे पॅकेज मात्र उत्तर देऊन टाकतं आणि खाली बारीक अक्षरात इशारा छापतं. तो कुणी वाचत नाही.

यावर हात बसवायला ‘टिप्स’ हा जुना डेटा उत्तम आहे. अमेरिकेतल्या एका रेस्टॉरंटमध्ये एकाच वेटरने नोंदवलेली २४४ बिलं: बिलाची रक्कम, टीप, दिवस, दुपार की रात्र, टेबलावर किती माणसं, धूम्रपान करणारे होते का. टीप म्हणजे समाधान नव्हे, हे आधीच मान्य. तिथे बिलाच्या टक्क्यात टीप ठेवायची पद्धत असल्यामुळे टीप बिलामागे धावते. एकट्या बिलानेच टीपमधल्या चढउताराचा सुमारे ४६ टक्के भाग उलगडतो. पण डमी कशा फसवतात ते इथे स्वच्छ दिसतं.

फक्त दिवसाच्या डमी घाला, बेस गुरुवार. कॉन्स्टंट येतो २.७७ डॉलर, म्हणजे गुरुवारची सरासरी टीप. शुक्रवार −०.०४, शनिवार ०.२२, रविवार ०.४८. रविवारी गिऱ्हाईक खूश असतं, असा निष्कर्ष लगेच तोंडावर येतो. आता बिलाची रक्कम मॉडेलमध्ये घाला. रविवार ०.४८ वरून ०.०९ वर येतो, शनिवार तर −०.०७ होतो. कारण साधं आहे: गुरुवारचं सरासरी बिल १७.६८ डॉलर, रविवारचं २१.४१, आणि बिलातल्या दर डॉलरमागे टीप साधारण साडेदहा सेंटने वाढते. रविवारी लोक जास्त खुशीत नव्हते, त्यांनी जास्त खाल्लं होतं. उरलेल्या ०.०९ चा स्टँडर्ड एररच (अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) ०.१८ च्या आसपास आहे, म्हणजे तो फरक धरायच्या लायकीचा नाही.

बेस कोणता घ्यायचा हाही वाटतो तितका किरकोळ प्रश्न नाही. आरला काही सांगितलं नाही तर ते इंग्रजी अक्षरक्रमाने पहिला गट उचलतं, म्हणजे इथे शुक्रवार. शुक्रवारची बिलं फक्त १९. गुरुवारची ६२, शनिवारची ८७, रविवारची ७६. लहान गट बेस केला की सगळ्या तुलना त्या १९ बिलांवर टेकतात आणि रविवारचा स्टँडर्ड एरर ०.२६ पर्यंत फुगतो. अंदाजित टीप आणि आर-स्क्वेअर (मॉडेलने चढउताराचा किती भाग उलगडला तो आकडा) बदलत नाहीत, बदलतो तो वाचणाऱ्याचा समज. म्हणून ‘दिवसाने फरक पडतो का’ हे सुट्या पी-व्हॅल्यूंवरून (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याच्या शक्यतेवरून) ठरवू नये. तिन्ही डमी मिळून काही फरक पाडतात का हे बघणारी एकत्र एफ-टेस्ट घ्यावी. एखादी डमी ‘सिग्निफिकंट नाही’ (फरक योगायोगाचाही असू शकतो) म्हणून काढून टाकणं तर त्याहून वाईट, कारण तो दिवस गुपचूप बेसमध्ये मिसळतो.

आता दिवसाबरोबर दुपार-रात्रीची डमीही घाला. सॉफ्टवेअर तक्रार करणार नाही. पण शनिवार-रविवारची सगळी बिलं रात्रीची आहेत आणि गुरुवारच्या ६२ पैकी ६१ दुपारची. म्हणजे ‘दिवस तोच, फक्त वेळ वेगळी’ ही तुलना उभी राहते शुक्रवारच्या १९ बिलांवर (७ दुपारची, १२ रात्रीची) आणि गुरुवार रात्रीच्या एकुलत्या एका बिलावर. डमी घालण्याआधी क्रॉसटॅब, म्हणजे कुठल्या दिवशी कुठल्या वेळी किती बिलं याचा तक्ता, काढाच. दोन मिनिटांचं काम आहे.

इंटरॅक्शनमध्ये, म्हणजे दोन कॉलमचा गुणाकारही मॉडेलमध्ये घातला की, वेगळी गंमत होते. बिल, धूम्रपानाची डमी आणि दोन्हींचा गुणाकार घातला तर धूम्रपानाचा गुणांक १.२० डॉलर येतो. घाबरू नका, तो शून्य डॉलरच्या बिलावरचा फरक आहे, आणि असं बिल कुणी भरत नाही. धूम्रपान न करणाऱ्यांच्या टेबलावर टीप दर डॉलरमागे १३.७ सेंटने वाढते, करणाऱ्यांच्या ७ सेंटने. बिलातून त्याची सरासरी (१९.७९) वजा करून मॉडेल पुन्हा चालवलं की तोच गुणांक −०.१३ होतो आणि वाचण्याजोगा होतो.

स्वतःच्या फीडबॅक फॉर्मसाठी डमींचा मला सर्वात उपयोगी वाटणारा वापर वेगळाच आहे. चव, स्वच्छता, सर्व्हिस यांचे १ ते ५ गुण सरळ न घालता प्रत्येकाच्या दोन डमी करा: १-२ गुण म्हणजे ‘वाईट’, ५ म्हणजे ‘उत्तम’, मधले ३-४ हा बेस. समजा एकूण समाधानाच्या गुणांवर स्वच्छतेच्या ‘वाईट’चा गुणांक −०.८ आला आणि ‘उत्तम’चा ०.१. याचा अर्थ, स्वच्छता नसेल तर गिऱ्हाईक चिडतं, पण लखलखीत फरशीबद्दल कुणी जादा गुण देत नाही. एकच सरळ रेष काढली असती तर हा फरक तिच्याखाली दबला असता. इथे अडतं ते ‘वाईट’ गटात. नाराज माणूस फॉर्म न भरताच निघून जातो, त्यामुळे त्या गटात पाच-सात ओळीच सापडतात. माझ्या मते तीसेक तरी हव्यात. शिवाय जेवण आवडलेला माणूस सगळीकडेच ५ वर टिक करतो आणि ‘उत्तम’च्या तिन्ही डमी एकमेकींना चिकटतात. कॉलम एकमेकांत किती गुंतलेत हे सांगणारा व्हीआयएफ बघून घ्या.

पायथनवाल्यांसाठी एक बारीक सूचना. पांडास या पायथन पॅकेजच्या २.० आवृत्तीपासून डमी बनवणारं गेट-डमीज हे फंक्शन ०/१ ऐवजी ट्रू-फॉल्स देतं, आणि ते दशांश आकड्यांच्या कॉलमसोबत स्टॅट्समॉडेल्सला दिलं की ‘ऑब्जेक्ट’ टाइपची एरर येते. डीटाइप (आकड्याचा प्रकार) फ्लोट म्हणजे दशांश सांगा, पहिला गट सोडण्यासाठी ड्रॉप-फर्स्ट ट्रू करा आणि कॉन्स्टंट स्वतः जोडा. एक्सेलच्या टूलपॅक या रिग्रेशनच्या जोडसाधनात जास्तीत जास्त १६ एक्स-कॉलम (परिणाम करणाऱ्या गोष्टींचे कॉलम) चालतात आणि ते शेजारी-शेजारीच हवेत. महिना आणि दिवस दोन्हींच्या डमी केल्या की ११ अधिक ६, म्हणजे १७. तिथेच गाडी अडते.